तिकडं गोल्ड, तर इकडंही गोल्ड

सर आयुष्यात कधी उशिरा उठले नाहीत. पहाटे पाचला त्यांची आंघोळ झालेली असायची आणि सहाला ते कंपनीच्या जीपजवळ उभे. तरीही हॉटेलची खोली दुपारपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क आपल्याला असावा, म्हणून या माणसानं जितक्या ईमेल पाठवल्या तितक्या आमच्या कंपनीनं पवनचक्क्यांच्या सुट्या भागांसाठीही पाठवल्या नसतील. पाठवल्या म्हणजे मी पाठवल्या. सर माझ्या टेबलासमोर बसायचे, डोळे मिटायचे आणि मजकूर सांगायचे.

"लिहा ताई. महोदय, आपल्या प्रतिस्पर्धी साखळीत मी गोल्ड आहे. पुरावा जोडला आहे. तरी आपण मला गोल्ड करावं. आपला, अजून गोल्ड न झालेला."

"सर, शेवटचं वाक्य काढू?"

"ठेवा. हसला तर लवकर करंल."

आमचं ऑफिस धाराशिवला. वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करणारी कंपनी. मुलांना उंच मनोऱ्यावर चढताना दोर कसा बांधायचा हे शिकवणं सरांकडे होतं. त्यासाठी ते महिन्यातले निम्मे दिवस हैदराबाद, चेन्नई, अहमदाबाद असे फिरत. त्यांची बुकिंगं, रजा, गाड्या, ऑफिसातली साखर आणि झाडू, हे सगळं माझ्याकडे. मी याद्या करणारी बाई. सकाळी यादी केली नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. सरांच्या यादीत मात्र एकच काम असायचं आणि ते कधीच पुरं होत नसे. ते काम म्हणजे स्टेटस मॅच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या हॉटेलांच्या साखळ्या असतात. जो वारंवार मुक्कामाला येतो त्याला त्या मान देतात. आधी साधा सभासद, मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मान वाढला की मोठी खोली, फुकट नाश्ता, आणि खोली सोडायला दुपारपर्यंतची मुभा. त्याला म्हणतात लेट चेकआउट. आता एका साखळीत तुम्ही गोल्ड असाल तर ते कार्ड दुसऱ्या साखळीला दाखवायचं आणि म्हणायचं, मला तुमच्याकडंही गोल्ड करा. गिऱ्हाईक फुटून आपल्याकडे येतंय म्हटल्यावर बऱ्याचदा ते करतात. काही महिन्यांची मुदत देतात, तेवढ्यात मुक्काम करून दाखवला की मान पक्का. ऑफिसातली पोरं सरांना मागून 'प्लॅटिनम सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. एकदा वळून म्हणाले, "एका ठिकाणी अजून गोल्डच हाय. अफवा पसरवू नका."

पण सरांचं हे वेड हॉटेलापुरतं राहिलं नव्हतं.

नळदुर्गच्या एका धाब्यावर आमची जीप पहिल्यांदा थांबली तेव्हा सरांनी मालकाला बोलावलं. "उमरग्याच्या अलीकडं तुमच्यासारखाच एक धाबा हाय. तिथं मी बारा महिने जेवतो. तिथं मला न मागता कांदा-लिंबू मिळतं. इथं काय?"

मालक ट्रकवाल्यांच्या गर्दीत वाढलेला माणूस. त्यानं सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिथं तिखट किती टाकत्यात?"

"लई."

"मग इथं कांदा, लिंबू आन् वरून दही. त्याच्यापेक्षा एक पायरी वर." मालक पोऱ्याला ओरडला आणि सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा ताई. ह्याला म्हणतात धंदा." त्या धाब्यावर सरांना शेवटपर्यंत न मागता दही मिळत राहिलं. सरांना दही आवडत नसे. ते आमच्या ड्रायव्हरला द्यायचे, पण घ्यायचे जरूर.

तुळजापूरला मात्र त्यांचं कार्ड चाललं नाही. चेन्नईहून आलेल्या पाहुण्यांना दर्शन घडवायचं होतं आणि लॉज गर्दीनं भरलेले. सरांनी काउंटरवर सोनेरी कार्ड ठेवलं. मॅनेजरनं ते उलटंपालटं केलं. "एटीएम चालत न्हाय इथं. कुठल्या पुजाऱ्याकडचे तुम्ही?"

तुळजापुरात हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. पिढ्यानपिढ्या ज्याचं त्याचं घराणं आणि ज्याचा त्याचा पुजारी ठरलेला. तेवढं सांगितलं की खोली निघते, पाणी तापतं, पान वाढलं जातं. सर म्हणाले, "मी कुणाकडचाच न्हाय. मी गोल्डचा." मॅनेजरला काहीच कळलं नाही. पाहुण्यांच्या खोलीचं मी माझ्या ओळखीनं जमवलं. सर कार्ड खिशात ठेवत पायऱ्या उतरले आणि रस्त्यात मला म्हणाले, "ह्यांचीबी साखळीच हाय ताई. पण हिच्यात बाहेरच्याला मॅच न्हाय."

हे ते चिडून बोलले नाहीत. चिडून ते काहीच बोलत नसत. दोर कुठं घासतोय हे पोरांना दाखवावं तसं बोलत. त्याच परतीच्या वाटेवर त्यांनी मला आपल्या गावाचं सांगितलं. आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालेलं. वडील दुसऱ्यांच्या रानात मजुरी करायचे. गावातल्या चहाच्या हॉटेलात वळचणीला त्यांच्या कपाची वेगळी जागा होती. वडील चहा पिऊन कप आपला आपण विसळून तिथं परत ठेवायचे. सरांनी ते लहानपणी पाहिलं होतं.

"मग नोकरी लागली. कंपनीनं हैदराबादला पाठवलं. हॉटेलच्या दारातल्या पोरानं दार उघडलं, सलाम केला. मला वाटलं मागं कुणी साहेब हाय. वळून बघितलं तर कुणीच न्हाय. दुसऱ्यांदा गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, वेलकम बॅक सर. ताई, तिनं माझं आडनाव वाचलं आन् पुढं काहीच विचारलं न्हाय."

मग ते म्हणाले, "एका दारात जे मिळालं ते दुसऱ्या दारात पुन्हा पहिल्यापासून का मिळवायचं? तिकडं गोल्ड, तर इकडंबी गोल्ड. एवढंच तर म्हणतो मी."

मलाही त्यांनी एकदा मॅच केलं होतं. मी लातूरच्या ऑफिसातून बदलून आले. तिथं सगळं स्टोअर मी सांभाळत होते. इथल्या मॅनेजरसाहेबांनी मला पहिल्या दिवशी चहाच्या कपबश्यांचा हिशेब दिला. मी गप्प बसले, कारण बदलीवर आलेल्या बाईनं गप्प बसायचं असतं असं मला घरून सांगितलं होतं. आठवड्याच्या बैठकीत सरांनी हात वर केला. "ह्या बाई लातूरला स्टोअर बघत होत्या. इथं कपबश्या का? मॅच करा."

"सर, हे काय हॉटेल आहे का?" मॅनेजर हसले.

"म्हणूनच तर म्हणतोय. हॉटेलवाले अनोळखी माणसाला मॅच करतात. आपण ओळखीच्यालाबी करत न्हाय."

पुढच्या सोमवारी स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

तर असा हा माणूस निवृत्तीला आला, आणि काळजीत पडला. काळजी पेन्शनची नव्हती. दौरे थांबले की मुक्काम थांबणार, मुक्काम थांबले की वर्षभरात एकेक साखळी त्यांना खाली उतरवणार. प्लॅटिनमचं गोल्ड, गोल्डचं सिल्व्हर, आणि शेवटी नुसतं नाव. "मग मी पुन्हा दाराबाहेरचा," ते म्हणायचे. हसत म्हणायचे, पण रोज म्हणायचे.

त्याच सुमारास आम्ही पाठवलेली एक ईमेल लागू पडली. हैदराबादच्या एका नव्या हॉटेलानं त्यांना प्लॅटिनम केलं. मुदतीत एक मुक्काम करून दाखवायचा होता. कंपनीचा दौरा काही उरला नव्हता. सरांनी जाहीर केलं, "स्वतःच्या पैशानं जाणार. बायकोला घेऊन." वहिनींना हॉटेल दाखवायचं हे वचन ते लग्नापासून देत होते आणि वहिनी लग्नापासून एकच उत्तर देत होत्या, "घर कुणावर टाकून येऊ?"

यंदाही तेच झालं असतं, पण मध्ये मुलाचं लग्न ठरलं.

आमंत्रणांची यादी करायला सरांनी मला घरी बोलावलं होतं. याद्या म्हटलं की लोकांना मी आठवते. मुलगी नर्स होती, शिकलेली, चुणचुणीत. लग्नानंतर धाराशिवच्याच दवाखान्यात रात्रपाळी करणार होती. त्या दिवशी मुलीकडची माणसंही आली होती; तिची आई जाता जाता वहिनींचा हात धरून म्हणाली, "रातभर उभी असती पोरगी. सकाळी आमी तिला कुणी उठवत न्हाय. तेवढं सांभाळा." पाहुणे गेले, फाटक लागलं, आणि वहिनी आत येऊन म्हणाल्या, "म्हंजे उन्हं वर येईस्तवर सून झोपणार? आन् मी चहा घेऊन उभी ऱ्हाऊ?"

"माहेरी झोपती ना? मग इथंबी झोपंल," सर म्हणाले. "मॅच कर."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं कार्ड कुठलं हाय?"

मी यादीत डोकं घातलं. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकू आलं तरी ऐकू न आल्यासारखं बसायला मला जमतं. पण पुढचं वाक्य ऐकून माझं पेन थांबलं.

"मीबी माहेरी आठला उठायचे," वहिनी म्हणाल्या. "माझा बाप दारात बसायचा. कुणी हाक मारली तर म्हणायचा, झोपू द्या पोरीला, पुढं जन्मभर उठायचंच हाय. तुमच्या घरी आले त्या दिवसापासून कोंबडा माझ्या मागनं उठतोय. पुरावा पाहिजे तर थोरला भाऊ जिता हाय, इचारा त्याला. तुमी जगाला मॅच करत फिरला. कपबश्यावाल्या बाईला केलं, धाब्यावाल्याकडनं करून घेतलं, आता न आलेल्या सुनंला करायला निघाला. माझं कुणी केलं?"

त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या समोरचा रिकामा कप उचलला आणि आत गेल्या.

सरांकडे प्रत्येक नकाराला उत्तर असायचं. मोठमोठ्या साखळ्यांनी त्यांना 'खेद आहे' असं लिहिलं होतं आणि सरांनी त्या प्रत्येक खेदाला उलट उत्तर दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरची यादी ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्या नावापासून वाचू लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले, नेहमीसारखे डोळे मिटले. मी कीबोर्डवर हात ठेवून वाट पाहिली.

"ताई, तुम्ही माहेरी कधी उठत होता?"

"सातला, सर."

"आन् आता?"

"पाचला."

"हं," म्हणाले आणि उठून गेले.

लग्न झालं. बुद्धवंदना, भाषणं, जेवणं, सगळं एका दुपारी. सून आली आणि रात्रपाळीवर जाऊही लागली. सकाळी ती झोपायची आणि वहिनी तोंड मिटून घरात हिंडायच्या, फक्त भांडी जरा जोरात ठेवायच्या. हॉटेलची मुदत संपायला आली तेव्हा सुनेनंच त्यांना सांगितलं, "आई, तुम्ही जाऊन या. घर माझ्यावर टाका." घर कुणावर टाकून येऊ, या प्रश्नाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं. वहिनींना जावंच लागलं.

हैदराबादची हकीकत सरांनी मला इतक्यांदा सांगितली की मी तिथं होते असंच आता मला वाटतं.

प्लॅटिनमची मोठी खोली मिळाली. वहिनींनी आत जाण्यापूर्वी चपला दाराबाहेर काढल्या, जशा आपण कुणाच्याही घरी काढतो. आत जाऊन पलंगावरची चादर त्यांनी दोनदा सरळ केली, न्हाणीघर पुसून काढलं, उशा मोजल्या. चहा पिऊन दार उघडलं तर चपला गायब.

"एवढं मोठं हॉटेल आन् चपला चोरत्यात!" वहिनी सरांवर तुटून पडल्या. सर खाली काउंटरवर गेले. थोड्या वेळानं एक पोरगा कापडी पिशवीत चपला घेऊन आला. पॉलिश केलेल्या. दाराबाहेर पादत्राण ठेवलं म्हणजे ते चमकवून पाहिजे, असा त्यांच्याकडचा रिवाज. आठवडी बाजारातल्या त्या चपलांचे पट्टे आरशासारखे चमकत होते. वहिनी त्या हातात घेऊन पलंगावर बसल्या आणि इतक्या हसल्या की सरांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सर उठले. वहिनी झोपलेल्या होत्या. सरांनी आंघोळ केली, तरी झोपलेल्या. उजाडलं, पडद्याच्या फटीतून ऊन आलं, तरी झोपलेल्या. सर म्हणाले, "ताई, मी तिला झोपलेलं असं कधी बघितलंच नव्हतं. मी उठायच्या आधी ती उठलेली, मी झोपल्यावर झोपणार. बघायला मिळणार कधी?"

त्यांनी हळूच बाहेर येऊन दाराच्या मुठीला ती पाटी अडकवली, झोपमोड करू नका अशी विनंती करणारी. आणि पाटीवर विश्वास नसल्यामुळं लिफ्टजवळची खुर्ची ओढून स्वतःच दारासमोर बसले. झाडलोट करणारी बाई ढकलगाडी घेऊन आली. "साब, रूम साफ करूं?"

"नक्को अम्मा. मेमसाब सो रए," सर कुजबुजले. आमच्याकडच्या माणसाला हैदराबादेत भाषेची अडचण येत नाही.

नाश्त्याची वेळ संपली. फुकट नाश्ता सरांनी त्यांच्या आयुष्यात त्या एका दिवशी सोडला. दुपार झाली तेव्हा आतून आवाज आला, "अगं बाई, किती वाजलं?"

सर आत गेले. "लेट चेकआउट हाय. पड अजून."

वहिनी पुन्हा आडव्या झाल्या. छताकडे बघत म्हणाल्या, "दारात कोण बसलं होतं?"

"मीच."

"मला वाटलं, बाप बसलाय."

निघताना सरांनी काउंटरवर विचारून ती एक पाटी मागून घेतली. तिथल्या पोरीनं विचारलं, "आणखी काही, सर?" सर म्हणाले, "काही न्हाय. जे पाहिजे होतं ते झालं."

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात हार-नारळ झाल्यावर मी माझ्या परीनं भेट तयार ठेवली होती. आणखी एका साखळीला पाठवायची ईमेल, सगळे पुरावे जोडून, फक्त बटण दाबायचं बाकी. सरांनी वाचली. शेवटचं वाक्यसुद्धा मी त्यांच्या पद्धतीचं घातलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "राहू द्या ताई. आता एकाच ठिकाणी मुक्काम."

त्यानंतर मी सकाळी कधी त्यांच्याकडे गेले तर सर फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेले असायचे. भाजीवाला ओरडू लागला की हात वर करायचे. मी तोंड उघडण्याआधी म्हणायचे, "हळू. आत प्लॅटिनम झोपलंय." कोणत्या खोलीतलं प्लॅटिनम, ते पाटी कोणत्या दाराला आहे त्यावरून कळायचं. पाटी एकच होती. सून रात्रपाळी करून आली की तिच्या दाराला, तिची सुट्टी असली की वहिनींच्या. सुरुवातीला वहिनी लाजायच्या, अंथरुणात पडून जाग्याच असायच्या. मग खरंच झोपू लागल्या. चहा सर करायचे. तो पाणचट आणि फार गोड असायचा, आणि आम्ही सगळे तो प्यायचो.

सर गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. फार दुखणं काढलं नाही. कार्डं सगळी बाद झाली असणार.

मागच्या थंडीत भूमहून कुणीतरी ताजा खवा आणला, तो टिकणार नाही म्हणून मी सकाळीच त्यांच्या घरी निघाले. ऑफिसला जाण्यापूर्वी माझी आणखी चार कामं होती आणि ती सगळी ओळीनं लावलेली होती. फाटक उघडलं तर सरांच्या खुर्चीत सून बसलेली. अंगावर दवाखान्याचे कपडे, डोळे रात्रभराचे. मला पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं.

"आज आईंचा नंबर," ती कुजबुजली. आतल्या दाराला पाटी लटकत होती.

"अगं, पण तू रात्रभर जागी. तुला सुट्टी नव्हती ना?"

"न्हाय. पण काल त्यांना रात्री झोप लागली नव्हती. मी म्हटलं, घ्या पाटी. मी बाहेरच्या खोलीत पडते की. फक्त दूधवाला येऊन जाऊ द्या. तो बेल वाजवतो."

मी खवा तिच्या हातात दिला. "हा आत ठेव आणि झोप जा. मी बसते."

"तुम्हाला ऑफिस..."

"जा म्हणते ना."

ती गेली. मी खुर्चीत बसले. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं, शेजारी कुणीतरी झाडत होतं. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची मोटारसायकल वळली. त्यानं गाडी लावली, कॅन काढला आणि बेलकडे हात नेला.

मी उठून फाटकापाशी गेले आणि हात वर केला.

"हळू," मी म्हणाले. "आत झोपलेत."